न धुतलेला हात

“...पण वासच नाही याला, तर टाकायचं कशाला?”

हर्षलने मूठभर दगडफूल नाकाशी धरलं, जोरात हुंगलं आणि पुन्हा पाटीत आपटलं. काळपट करडे, चुरगळलेल्या कागदासारखे पापुद्रे. घाटातल्या झाडांच्या सालीवर, कातळावर उगवतात. धनगरांच्या बायका ते खरवडून आणतात आणि आणताना निम्मा डोंगर बरोबर आणतात. साल, माती, खडे, मेलेल्या मुंग्या.

ते सगळं निवडून काढायचं काम हर्षलकडं. आज एकविसावा दिवस.

रतनगीर महाराजांनी मान वर केली नाही. ते धणे भाजत होते. भाजताना कढईकडं कान लावून बसायची त्यांची खोड होती, जणू धणे गावातल्या भानगडी सांगतायत.

“महाराज, तुमच्याशी बोलतोय मी.”

“ऐकतोय की.”

“मग सांगा ना.”

“निवड.”

हर्षलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हातारी माणसं ही अशीच. उत्तर नसलं की काम सांगतात.

हर्षल बोत्रेबद्दल त्याच्या वडिलांनी मागंच फोनवर निकाल देऊन टाकला होता. “तू कुठं टिकतच नाहीस.” ते खोटं नव्हतं. हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं. पारंपरिक थाळी शिकवणाऱ्या सरांनी ‘आमच्या आजीचा मसाला’ म्हणून जो दाखवला, तो पाकिटातला होता. हर्षलने ते पाकीट कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवलं. माफी माग म्हणाले. नाही मागितली. मग तीन हॉटेलं झाली. तिन्ही ठिकाणी वयानं मोठा आणि अकलेनं बेताचा कुणीतरी डोक्यावर बसलेला. निघताना हर्षल दरवेळी एकच करायचा. बेसिनपाशी उभा राहून कोपरापर्यंत हात धुवायचा, चोळून चोळून, आणि मागं न बघता बाहेर पडायचा.

या मठात तो आला तो नाकामुळे.

गेल्या हिवाळ्यात मित्रांबरोबर किल्ला बघायला आला होता. त्या दिवशी अमावास्या होती, आणि घाटमाथ्यावरच्या या मठात अमावास्येला दुपारची पंगत असते. अख्ख्या मसुराची आमटी आणि भात, बस. जेवून उठला तर नळाला पाणी नव्हतं. हात पँटला पुसून गाडीवर बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटांना वास होता.

डोळे बांधून वीस मसाले ओळखणारा तो, पण हा वास कशाचा ते त्याला सांगता येईना. चिडचिड झाली. झोप उडाली. शेवटी एक पिशवी आणि एक वही घेऊन तो परत आला. हा मसाला एकदा हातात आला की सगळ्यांची तोंडं बंद. सरांचं, त्या तीन शेफांचं, बापाचं. बाकी त्याला महाराजांकडून ना नाम हवं होतं, ना अंगारा.

महाराजांनी काही लपवलं नव्हतं. डबे उघडे. विचारलं तर नाव सांगायचे, मापही सांगायचे. वहीत एकोणीस नावं उतरली होती. आणि तेच हर्षलला संशयास्पद वाटत होतं.

फक्त कढईला हात लावू देत नव्हते.

*

“तुम्हाला माहितीये का,” हर्षल खडे उडवत म्हणाला, “या डब्यांत तुमचं असं काय आहे?”

“काय हाय?”

“काही नाही! लवंग, जायफळ पार पूर्वेकडच्या बेटांवरून आली. त्या जायफळापायी माणसं कापली लोकांनी. दालचिनी लंकेची. चक्रीफूल चीनकडचं. हिंग अफगाणिस्तानातून येतो अजून. मिरची तर पोर्तुगीजांनी आणली, चार-पाचशे वर्षांपूर्वी. त्याआधी तुमचे सगळे पूर्वज मिऱ्यावर भागवत होते. आणि सांगता काय, आमचा मूळचा मसाला, आमची परंपरा!”

“मी कधी सांगितलं?”

“तुम्ही नाही. सगळे म्हातारे सांगतात.”

महाराजांनी धणे परातीत उपसले. “हे तर आपलेच ना? धणे?”

“तेही नाहीत. पश्चिमेकडून आले.”

“असं?” महाराज खरंच नवल वाटल्यासारखे थांबले. “मग मीठ तरी ठेव आपल्याकडं.”

हर्षलला हसू येत होतं. ते त्यानं दाबलं.

“खालच्या बंदरावरनं बैलांचे तांडे यायचे,” महाराज म्हणाले. “घाट चढून बैलांच्या तोंडाला फेस. हितं गोण्या उतरवायचे. जाताना ज्याच्या गोणीत जे असंल त्यातली मूठभर ठेवायचे. कुणी मिरी, कुणी लवंग. आमच्या गुरूंच्या गुरूंनी ते सगळं एकत्र कुटलं. एवढंच हाय बघ. लोकांचंच हाय.”

“आणि मठाचं काय त्यात?”

महाराजांनी पाटीकडं बोट केलं.

हर्षलनं दगडफुलाकडं पाहिलं आणि या वेळी मोठ्यानं हसला. “म्हणजे दुनियेनं वासाचं आणून दिलं, आणि आपण काय घातलं? तर ज्याला वासच नाही ते!”

महाराजांनी कढईतल्या जिऱ्याला कान लावला.

*

या मठाची एक रीत होती. हर्षलनं ती आल्या आल्याच, निवडायला बसण्याच्या आठवडाभर आधी पाहिली, आणि त्याला शिसारी आली.

अमावास्येला जेवून उठलं की कुणी हात धुवायचा नाही.

अंगणात नळ होता. पाणी होतं. तोटी घट्ट बसत नसल्यामुळे ते चोवीस तास ठिबकत होतं आणि त्या आवाजानं हर्षलचं डोकं उठत होतं. पण दोनशे माणसं उठली आणि एकही नळाकडं गेलं नाही. बोटं चाटली, पत्रावळीला पुसली आणि सगळे वाटेला लागले. हात घरी न्यायचा. घरात जो येऊ शकला नाही, आजारी असेल, बाळंतीण असेल, त्याला तो हुंगायला द्यायचा. त्याला ‘हात नेणं’ म्हणत.

“काय घाणेरडेपणा आहे,” हर्षल तेव्हा एका बाईंना म्हणाला होता. उजवा हात पदरात गुंडाळून, तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरून त्या निघाल्या होत्या. हौसाबाई. खालच्या वस्तीवरच्या.

“घाण कसली रं? अन्न हाय.”

“घरी डबा न्या की मग. हात कशाला?”

“मालक खात न्हाईत.” हौसाबाईंनी सहज सांगितलं. “अर्धं अंग गेलंय. चार वर्सं झाली. नळीनं पेज घालते. जिभंला काय लागत न्हाई त्यांच्या. पण नाक चालतंय.”

 हर्षलला राग आला, कारण काही सुचलं नाही की त्याला नेहमी रागच यायचा.

*

बाविसाव्या दिवशी अमावास्या. सकाळपासून हर्षलचं टाळकं सरकलेलं.

“बावीस दिवस! बावीस दिवस मी कचरा निवडतोय. शिकवायचं नसेल तर तोंडावर सांगा, मी जातो. मला सवय आहे जायची.”

महाराजांनी झारा खाली ठेवला. उठले. कंबरेवर हात देऊन सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

“ये. भाज.”

“...मी?”

“आजचा मसाला तुझा.”

आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. एकदाही आत डोकावले नाहीत.

हर्षलनं भाजलं, आणि जीव ओतून भाजलं. एकेक जिन्नस वेगळा, तेल बोटाच्या टोकाएवढं, आच मंद. खोबरं सोनेरी होऊन तांबूस व्हायला लागलं तेवढ्यात उतरवलं. लवंग फुगली की काढली. अठरा जिन्नस झाले. शेवटी पाटी राहिली.

त्यानं एक पापुद्रा उचलला. हुंगलं. काही नाही.

गुरूंनी टाकलं म्हणून यांनी टाकलं, त्यांच्या गुरूंनी टाकलं म्हणून त्यांनी. एकालाही वाटलं नसेल का, की बघू तरी न टाकून? नाही वाटलं. कुणाची छातीच झाली नाही.

त्यानं पाटी पोत्यात रिकामी केली, पोत्याचं तोंड आवळलं, आणि अठरा जिनसांचा मसाला उखळात कुटला. वास असा दरवळला की बाहेर भाजी चिरणाऱ्या बायका म्हणाल्या, “कोण कुटतंय गं? झ्याक सुटलाय वास!”

वहीतलं एक नाव त्यानं खोडलं. रेघ दोनदा ओढली.

*

पंगत बसली. आमटी हर्षलनंच वाढली. बादली हातात आणि डोळे प्रत्येकाच्या तोंडावर.

कुणाला काही कळलं नाही.

“वाढ अजून,” एकजण म्हणाला. “आज झणका हाय.” हौसाबाईंनीही दोनदा भात घेतला. महाराज जेवले, नेहमीसारखे खाली बघून. पत्रावळ उचलली, पायरीवर जाऊन बसले. ते जेवणानंतर कायम तिथंच बसत, नळाच्या बरोबर समोर.

हर्षलची छाती फुगून आली. आता जाऊन सांगायचं. तुमच्या सात पिढ्यांना जे जमलं नाही ते मी एका सकाळी केलं.

तो पायरीकडं निघाला. तेवढ्यात पाण्याचा आवाज आला.

ठिबकण्याचा नाही. धारेचा.

एक गडी नळाखाली हात धरून उभा होता. कसल्याच विचारात नसल्यासारखा. त्याच्यामागं दोघं आले. मग एक बाई, तिच्या दोन मुली. कुणी तक्रार केली नाही, कुणी कुणाकडं बघितलंही नाही. हात वर जायचा, नाकापाशी क्षणभर थांबायचा, आणि माणूस नळाकडं वळायचा. बघता बघता रांग लागली.

महाराजांच्या हातातली माळ थांबली होती.

रांगेत सगळ्यात शेवटी हौसाबाई होत्या. त्यांनी हात पदरात गुंडाळला होता. सोडला. हुंगला. पुन्हा गुंडाळला. चार पावलं वाटेकडं गेल्या. थांबल्या. परत आल्या, पुन्हा हुंगला...

आणि मग हात नळाखाली धरला.

त्या हळूहळू धूत होत्या. एकेक बोट.

हर्षलनं स्वतःची बोटं नाकाशी नेली. चाखताना आमटीत बुडालेली बोटं. तेलकट हळदीचा वास, संपलं.

*

स्वयंपाकघरात तो पळतच शिरला. पळीत तेल घेतलं, जाळावर धरली. पोत्यात हात घालून दगडफूल काढलं. तेल तापलं तसं मूठभर टाकलं.

पापुद्रे आकसले. क्षणभर काहीच नाही.

मग आला. ओली साल, जुनी लाकडी पेटी, लांबवर विझत आलेला जाळ... तोच वास. गेल्या हिवाळ्यात ज्यानं त्याची झोप उडवली तो. एकवीस दिवस तो हर्षलच्या मांडीवर होता आणि हर्षल त्याला नाकं मुरडत होता.

त्यानं ती पळी उरलेल्या आमटीत ओतली, एक उकळी काढली, वाटीभर आमटी आणि भात घेऊन वाटेवर धावला. अर्ध्या उतारावर हौसाबाई सापडल्या.

“आजी, थांबा! हे... हे खा. दोन घास.”

“जेवले की रं. अमावास्येचं दोनदा जेवत न्हाईत.”

“मग नुसता हात बुडवा यात.”

“हात म्हंजे काय पळी हाय व्हय? जेवलेला हात न्यायचा असतो.”

“चूक माझी आहे आजी. मसाल्यात मी एक टाकलंच नाही. मुद्दाम.”

हौसाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. शिव्या देतील असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तू जेवलास?”

“नाही.”

“मग बस त्या दगडावर. जेव.”

तो बसला. जेवला.  हौसाबाई समोर उभ्या राहून बघत होत्या, भरल्या ताटावरून पोरगं उठून जाऊ नये म्हणून आई उभी राहते तशा.

“चाट बोटं. आता चल घरला.”

*

घर एका खोलीचं. पत्र्याखाली बाज, बाजेवर गणूनाना. माणूस कसला, गोधडीखाली एक घडी. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र दाराकडं लागलेले. अमावास्या त्यांना ठाऊक होती.

हौसाबाईंच्या मोकळ्या हाताकडं त्यांनी बघितलं. मग त्यांच्यामागं उभ्या हर्षलकडं.

“हात आलाय,” हौसाबाई म्हणाल्या. “ह्या पोराचा. घ्या.”

हर्षल बाजेशी गुडघ्यावर बसला आणि हात त्यांच्या नाकापाशी धरला. त्याला लाज वाटत होती. म्हाताऱ्या माणसाच्या इतकं जवळ तो कित्येक वर्षांत गेला नव्हता.

नानांनी श्वास घेतला. डोळे मिटले. सोडला. पुन्हा घेतला.

हौसाबाई जाऊन शेळीला पाला टाकून आल्या. चुलीतली राख भरली. हर्षलचा खांदा भरून आला, गुडघे दुखायला लागले, मनगटावर माशी बसली. दोन मिनिटं एका जागी न थांबणारा तो. आता झालं असेल, असं वाटून त्यानं हात जरासा मागं घेतला.

नानांची चालती बोटं गोधडीतून आली आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

हर्षल थांबला...

*

तो परत मठात आला तेव्हा उन्हं कलली होती. महाराज एकटेच पायरीवर बसून दगडफूल निवडत होते. हर्षलनं आत जाऊन पिशवी उचलली, बाहेर आला आणि फुटला.

“तुम्हाला माहीत होतं! पहिल्या घासालाच कळलं असणार तुम्हाला. तरी गप्प बसलात. मला धडा शिकवायला दोनशे माणसांचे हात रिकामे पाठवलेत! ती बाई कुठून चालत येते ते माहितीये ना? त्या माणसाकडं महिन्यातून तेवढंच आहे. तेवढंच! तुम्हाला शिष्याला शहाणं करायचं होतं. सगळे एका माळेचे मणी तुम्ही. दुसऱ्याच्या जिवावर शिकवता आणि वर साधू म्हणवता!”

महाराजांनी ऐकून घेतलं. सगळं.

“काय राहिलं होतं?” त्यांनी विचारलं.

“...म्हणजे?”

“मसाल्यात. काय टाकलं नव्हतंस?”

हर्षलला वाटलं चेष्टा करतायत. पण महाराजांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“दगडफूल.”

“असं होय.” महाराजांनी हातातल्या पापुद्र्याकडं बघितलं. “मला वाटलं नागकेसर असंल.”

“तुम्ही... खाल्लंत ना ती आमटी?”

“मीठ-तिखट कळतंय. वास न्हाई येत. पाच वर्सांमागं ताप आला, त्यात नाक गेलं.”

नळ ठिबकत होता.

हर्षलला त्या कढईला लावलेल्या कानाची आठवण झाली. धण्यांची तडतड. जिऱ्याची. वही पिशवीत होती, तीत माप होतं, आच होती, एकोणीस नावं होती.

“पाच वर्षं,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. “पाच वर्षं तुम्ही वास न घेता मसाला करताय. मग जमलाय की नाही, ते कळतं कसं तुम्हाला?”

“नळाकडं बघून.”

महाराज पुन्हा निवडायला लागले. एक खडा काढला, बाजूला ठेवला.

हर्षल उभाच होता. इथं आता त्याचं काय काम? हवा होता तो मसाला मिळाला होता, नावानिशी, मापानिशी. खोडलेलं नाव परत लिहायला अर्धं मिनिट पुरे. पिशवी खांद्याला होती. तो सवयीनं नळापाशी गेला, सवयीनं बाही कोपरापर्यंत सरकवली आणि नळ सोडला.

धार लागली.

उजवा हात धारेपासून वीतभर अंतरावर थांबला. मनगटावर चार बोटांचे वळ होते, पुसट. धारेच्या खाली माती उडत होती, पाय भिजत होते. तो तसाच उभा राहिला. 

पायरीवरून, मान वर न करता, महाराज म्हणाले,

“नळ घट्ट पिळ रं. गळतोय तो.”